खुंट्याच्या गाई

सफारी कॅम्पात गाई कशाला, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारायचा. जंगलात जायचं म्हणून अंगात मातकट रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी असा सगळा जामानिमा करून माणूस तंबूबाहेर यावा, आणि मास्तरांनी त्याच्यापुढे सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, घमेलं धरावं. "घ्या जी एक मूठ. गाईले चारा, मंग गाडीत बसा." पाहुणे एकमेकांकडे बघायचे. कुणी गाईच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायचं, कुणी नाक मुरडायचं. एक बाई तर मास्तरांच्या पायाच पडायला निघाल्या होत्या. आजच्या काळात एवढी गोसेवा करता, फार पुण्याचं काम आहे, असं त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "पुण्य नाई जी, बदली गाडी हाये." बाईंना काही उमगलं नाही, आणि जिप्सी सुटायची वेळ झाल्यामुळे मास्तरांनी समजावूनही सांगितलं नाही.

मास्तर म्हणजे दादाराव तायडे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. शाळेशी त्यांचा संबंध आला तो विद्यार्थी म्हणून, आणि तोही जेमतेम. ते एस.टी.त कंडक्टर होते आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी तेल्हाऱ्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या शेवटच्या गावापर्यंत जाणाऱ्या मुक्कामी गाडीवर काढला. त्यामुळे त्या पट्ट्यातली कोण कुणाची लेक, कोणत्या गावी दिली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाला गाडी लागते आणि कुणाला खिडकी लागते, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यांच्या बायकोचं, मालताकाकूंचं म्हणणं असं, की यांना स्वतःच्या सासुरवाडीतली माणसं ओळखू येत नाहीत, पण हिवरखेडला चढलेली म्हातारी कुठं उतरणार हे झोपेतही सांगता येतं.

त्या शेवटच्या गावाला लागून, अगदी जंगलाच्या हद्दीला भिडलेलं, त्यांचं थोडं वावर होतं. हरभरा पेरला की रानडुकरं येत, तूर पेरली की रोही, म्हणजे नीलगाई. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन-तीन हंगाम झुंज देऊन पाहिली आणि मग एक दिवस काकूंना जाहीर केलं, की जे जनावर आपलं पीक खाते, तेच लोकायले दाखवून पोट भरू. लोकांनी वेड्यात काढलं. मुलाने नागपूरहून फोन करून समजावलं. मास्तरांनी वावरात तंबू ठोकले, विहिरीला मोटर बसवली, गावातल्या बायकांना चुलीपुढे बसवलं, पोरांना जिप्सी चालवायला आणि पाहुण्यांना जंगल दाखवायला तयार केलं, आणि रस्त्यावर पाटी लावली: शेवटचा थांबा.

हे नाव स्मशानाला शोभेल, कॅम्पाला नाही, असं मी त्यांना पुढं अनेकदा सांगितलं. 'वनवैभव', 'सातपुडा' अशी चांगली नावं सुचवली. मास्तर म्हणायचे, गाडी जिथवर जाते तिथवर मी लोकायले नेलं, मंग नाव दुसरं काहून ठेवू? तंबूंचीही तीच तऱ्हा. दुसरीकडे तंबूंना वाघाबिबट्यांची नावं असतात. इथे मास्तरांच्या गाडीचे थांबे: तेल्हारा, हिवरखेड, अडगाव. पुण्यामुंबईची माणसं रात्री जेवून 'आम्ही आता अडगावला जातो' म्हणायची आणि आपली आपणच हसायची. 'तेल्हाऱ्याले गरम पानी पाठव' अशी मास्तरांची हाक आली, की नवखा पाहुणा घाबरून घड्याळात बघायचा.

मी या कॅम्पावर आले ती बेकार म्हणून. अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पक्ष्यांची थोडी ओळख होती, आणि नोकरीचा पत्ता नव्हता. आमच्या सरांनी सांगितलं, की पायथ्याला एका कॅम्पात इंग्रजी बोलणारं आणि पाखरं ओळखणारं कुणी तरी हवं आहे. चांदूर रेल्वेहून मी निघाले तर बाबा सोबत आले. तरणी लेक जंगलात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी तोंडावर विचारला. मास्तरांनी भरवसा वगैरे काही दिला नाही. ते म्हणाले, "तुमी इथं दोन रोज राहा. खा, प्या, लोकायले इचारा. मंग मॅडमले ठेवाचं का न्याचं ते ठरवा."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं, आणि तेही बाबांच्या देखत. बाबा दोन दिवस राहिले, स्वयंपाकघरातल्या बायकांना माझ्या आईच्या हातची कढी-गोळ्यांची कृती सांगितली आणि परतताना फक्त एवढं म्हणाले, की घोंगडी पाठवून देतो, इथं थंडी फार आहे. त्या वर्षी कॅम्पावर नवा तंबू उभा राहिला. मास्तरांनी स्वतः रंग घेऊन त्याच्यावर नाव लिहिलं, चांदूर रेल्वे. त्यांच्या गाडीच्या रस्त्यावर चांदूर कुठंच नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, नवीन फेरी सुरू झाली ना जी.

कॅम्प ते एस.टी.सारखाच चालवायचे. वेळ म्हणजे वेळ. अकोल्याचे एक बडे व्यापारी एकदा सकाळी चहाचा तिसरा कप मागवून आरामात बसले, आणि जिप्सी त्यांना सोडून निघून गेली. केवढा आरडाओरडा केला त्यांनी. मास्तर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माह्या गाडीले पोटुशा बाया टायमावर आल्या, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. तुमाले तं कोनी हात धरून आनावं एवढं काही झालं नाई." व्यापारी लाल झाले. मास्तरांनी त्यांना दिवसभर आपल्याबरोबर फिरवलं, काकूंच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घातली, आणि दुपारच्या फेरीला पुढच्या सीटवर बसवलं. पुढे ते दरवर्षी येऊ लागले. सगळ्यांच्या आधी आवरून जिप्सीपाशी उभे असायचे आणि उशिरा येणाऱ्यांवर डाफरायचे.

आमचा मोतीराम हा कोरकू पोरगा जिप्सी चालवायचा. त्याचं गाव पूर्वी जंगलाच्या आत होतं, ते खाली सपाटीवर येऊन वसलं होतं, म्हणून जंगल त्याच्या घरचंच. एकदा पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडून त्याने वाघिणीच्या वाटेत गाडी आडवी घातली. फोटो झकास आले. मास्तरांना कळलं तेव्हा ते त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळपासून स्वतः जिप्सीच्या मागच्या बाजूला उभे राहून जायला लागले. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे बरेच दिवस चाललं. शेवटी मोतीराम काकुळतीला आला, की मास्तर, तुमच्या थापेनं हरणं पळून राह्यली, मी आता शिकलो. तेव्हा कुठे ते खाली उतरले.

आता गाईंचं सांगते. कॅम्प काढायचा ठरला तेव्हा गावात बैठक झाली होती. बहुतेकांचं मन तयार होतं, कारण पोरांना कामं मिळणार होती. पण एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, की वाघ पाहाले लोकं येतीन तेव्हा वाघ मास्तरचा, अन् त्या वाघानं गाय मारली का मंग ते फक्त आमची? सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. कंडक्टर माणूस, गाडी रस्त्यात बंद पडली तर प्रवाशाला उन्हात सोडून जाता येत नाही, त्याला बदली गाडीत बसवूनच द्यावं लागतं, एवढं त्यांना माहीत होतं. ते भर बैठकीत बोलून गेले, की या गावात वाघानं-बिबट्यानं गाय नेली तर तो खुंटा मी रिकामा राहू देणार नाही.

बोलायला काय, माणूस बैठकीत काहीही बोलतो. मास्तरांनी ते पाळलं. कॅम्पाच्या मागच्या बाजूला गोठा बांधला आणि तीन-चार गाई पाळायला सुरुवात केली. त्यांचं दूध कॅम्पात वापरत, पण त्या काही कॅम्पाच्या नव्हत्या. गावात कुणाची गाय गेली, की यातली एक त्याच्या घरी जायची. वनखात्याची भरपाई मिळायचीच, पण तिला तिचा वेळ लागतो, आणि तोवर घरातलं पोर दुधाला रडतं. गावात त्यांना खुंट्याच्या गाई म्हणायचे. पाहुण्यांनी त्यांना मूठभर ढेप चारायची ती याचसाठी. वाघ बघायला आलात, तर त्याच्या पोटाची थोडी तजवीज तुम्हीही करा, असा मास्तरांचा साधा हिशेब होता. आणि मी पाहिलेल्या वर्षांत त्या गावात जंगलाच्या जनावराला कुणी इजा केली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. त्यांनाही स्वतःचं थोडं वाटत असावं.

सुमित्राबाईंची गाय गेली ती तूर सवंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत.

सुमित्राबाई गावाच्या वरच्या अंगाला राहायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. शेजारच्या घरात दीर प्रल्हाद आणि त्याचा संसार. तो कापूस पेरायचा. सुमित्राबाईंकडे एक गाय होती, चांदी नावाची. तिची आई व्याल्यावर लगेच मेली, म्हणून त्यांनी ते वासरू बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. सकाळी त्या कॅम्पाच्या स्वयंपाकघरात दूध द्यायला यायच्या तेव्हा चांदी दावं नसताना मागे मागे यायची आणि काकूंनी टाकलेली भाजीची देठं खात उभी राहायची. तिला आम्ही सगळे ओळखत होतो.

आदल्या संध्याकाळी चांदी घरी आली नाही. उजाडल्यावर ती नाल्याच्या काठाला सापडली. मोतीरामने ठसे पाहिले आणि तो मान खाली घालून कॅम्पावर आला. आमचीच वाघीण होती. आमची म्हणजे, जिला बघायला लांबून लोक यायचे ती. त्या वर्षी तिच्याबरोबर दोन बछडी होती.

जिप्सी निघायच्या बेतात होत्या. मास्तरांनी ऐकलं मात्र, ते तडक गोठ्यात गेले. तिथली सगळ्यात गरीब, दुधाळ गाय सोडली आणि दावं हातात धरून गावाकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले. सुमित्राबाईंच्या अंगणात बायका जमल्या होत्या. त्या स्वतः ओट्यावर बसलेल्या, डोळे कोरडे. मास्तर सरळ खुंट्यापाशी गेले, गाय बांधली आणि म्हणाले, "सुमित्रा, हे घे. दुधाची हाये. लाथ मारत नाई."

सुमित्राबाईंनी आवाज चढवला नाही. "मास्तर, सोडा ते दावं," त्या म्हणाल्या. "माही गाय काही एस.टी. नवती, बंद पडली तं दुसरी आनून उभी करा. पोट्टं मेलं असतं माहं, तं सकाळीच दुसरं आनून दिलं असतं का तुमी?"

मास्तरांचा हात दाव्यावरच होता. त्यांनी गाठ सोडली आणि दावं माझ्या हातात दिलं. भिंतीशी उभा असलेला प्रल्हाद तेवढ्यात म्हणाला, "वाघीन संध्याकाळी वापस येईनच खायले. येऊ द्या तिले." आणि घरात निघून गेला.

याचा अर्थ तिथल्या लेकराबाळांनाही कळला. कापूस पेरणाऱ्या घरात फवारणीचं औषध असतंच. मेलेल्या जनावरावर ते शिंपडलं, की वाघीण आणि तिची दोन्ही पिल्लं सकाळपर्यंत आडवी. मग चौकशी, पकडापकडी, गावावर डाग. ज्या गावातल्या पोरांनी जंगलाच्या जिवावर घरं उभी केली, त्याच गावातल्या कुणाला तरी जंगलाच्या जनावरापायी तुरुंगात जावं लागलं असतं. आणि 'शेवटचा थांबा' बंदच झाला असता. मास्तरांनी इतकी वर्षं जे उभं केलं होतं ते त्या एका बाटलीवर येऊन थांबलं होतं.

मोतीरामचं म्हणणं पडलं, की आपण गाईपाशी जाऊन बसू आणि पाळत ठेवू. मास्तर म्हणाले, "आज राखशीन. उद्या कोन राखन?"

आम्ही कॅम्पावर परतलो. पाहुणे जिप्सीत बसून कंटाळले होते. आज गाडी नाही, असं मास्तरांनी सांगितलं. पुण्याचे एक गृहस्थ फार चिडले. कित्येक महिने आधी नोंदणी केली होती आणि कुणाची गाय मेली त्याच्याशी आमचा काय संबंध, असं ते विचारत होते. एरवी मास्तरांनी त्यांना असं उत्तर दिलं असतं की दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते इतरांना हसत सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त हात जोडले आणि परत गावाची वाट धरली. त्या गृहस्थांची बायको जिप्सीतून उतरली, मला म्हणाली, मी आले तर चालेल का, आणि आमच्यासोबत आली.

मास्तर सुमित्राबाईंच्या अंगणात जमिनीवर बसले. काही बोलले नाहीत. वाघाबद्दल नाही, जंगलाबद्दल नाही, भरपाईबद्दल तर नाहीच. ज्याची बडबड तेल्हारा ते पायथा अखंड चालायची तो माणूस नुसता मातीकडे बघत बसला होता. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पंचनामा केला, दोन चांगले शब्द बोलून गेली. सुमित्राबाईंची चूल पेटली नव्हती म्हणून काकूंनी पिठलं-भाकर पाठवली. सुमित्राबाईंनी ताट बाजूला सारलं. मास्तरांनीही सारलं. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. मला वाटलं, हे काही जमत नाही, आता उठून जावं. मास्तर उठले नाहीत.

कधी तरी दुपार कलताना सुमित्राबाई आपणहून म्हणाल्या, तिले केळाचे टरफलं लय आवडे. मास्तर म्हणाले, "सांग."

एवढंच म्हणाले. आणि मग त्या बोलू लागल्या. चांदी नव्या लुगड्याला ओळखायची नाही. नवं लुगडं नेसून दोहायला बसलं की पान्हा चोरायची, म्हणून सुमित्राबाईंनी एक जुनं, विटलेलं लुगडं फक्त धारेसाठी ठेवलं होतं. ते आताही दोरीवर वाळत होतं. शाळेत शिरून तिने एकदा पोरांच्या खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं होतं आणि हेडमास्तर तक्रार घेऊन आले तेव्हा तिच्या नाकाला अजून शितं चिकटलेली होती. बायका हसल्या, हसता हसता रडल्या. पुण्याच्या बाईही डोळे पुसत होत्या, त्यांना वऱ्हाडी निम्मंच कळत असावं. मास्तर मध्येच एखादा प्रश्न विचारायचे, मंग काय झालं, मंग तू काय केलं. प्रल्हाद दारात येऊन उभा राहिला. आणि थोड्या वेळाने तोच सांगू लागला, की माह्या पोरीच्या लग्नात मांडवाचं तोरण याच गाईनं खाल्लं होतं, वरात दारात आली अन् तोरण नाई. तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फुटला. त्याने तोंड फिरवलं.

उन्हं उतरली. वाघीण परत यायची वेळ होत आली होती आणि ते सगळ्यांच्या मनात होतं. सुमित्राबाईंनी मास्तरांकडे पाहिलं.

"सकाळपासून बसले तुमी," त्या म्हणाल्या. "एकदाबी म्हनलं नाई, का वाघिनीले माफ कर."

"कोन्या तोंडानं म्हनू?" मास्तर म्हणाले. "तिच्या जिवावर माहं घर चालते. तिनं तुही गाय खाल्ली, म्हंजे मीच खाल्ली. अन् वरतून सकाळी दावं घेऊन आलो तुह्या दारात. माहं चुकलं, सुमित्रा."

सुमित्राबाई उठल्या. प्रल्हादच्या घरात गेल्या. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत होतो. बाहेर आल्या तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. त्यांनी ती औषधाची बाटली मास्तरांच्या पुढ्यात मातीवर ठेवली. प्रल्हादने पाहिलं, आणि अडवलं नाही.

"घेऊन जा हे," त्या म्हणाल्या. "घरात राह्यलं तं माह्या हाताचा भरवसा नाई."

दुसऱ्या सकाळी मोतीराम नाल्यावर जाऊन आला. ओल्या मातीत ठसे होते, एक मोठे आणि दोन लहान, आणि ते जंगलाकडे परत गेलेले होते. मी ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. पुण्याच्या गृहस्थांना त्या दिवशीही वाघीण दिसली नाही, पण त्यांच्या बायकोने त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांनी निमूटपणे गाईला दोन मुठी ढेप चारली.

मास्तर त्यानंतर थोडे बदलले. वेळेवरून पाहुण्यांना टोकणं तसंच राहिलं, पण 'बदली गाडी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. कुणाची गाय गेली तर ते आधी जाऊन बसायचे. गाय न्यायची घाई करायची नाही, ज्याची गेली त्याला यावंसं वाटेल तेव्हा तो येईल, असं त्यांनी ठरवलं. सुमित्राबाई होळी झाल्यावर आल्या. गोठ्यात बराच वेळ फिरल्या. मास्तरांनी दाखवलेल्या सगळ्या गरीब गाई सोडून एक काळी, मारकी गाय त्यांनी निवडली. मास्तर म्हणाले, हे लाथा मारते. त्या म्हणाल्या, मारू द्या, मलेबी राग हायेच. त्या गाईला घेऊन पुढे चालल्या आणि मास्तर मागे मागे, गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला गेले.

पुढे मला अकोल्याला कॉलेजात नोकरी लागली. जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पडू दिलं नाही. पाया पडणं त्यांना आवडायचं नाही, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढेही ते फक्त हात जोडून उभे राहायचे. म्हणून जे तेव्हा करता आलं नाही ते इथे लिहून करते आहे. मला कुणी विचारत नव्हतं तेव्हा या माणसाने मला मॅडम म्हटलं. एखाद्याचं दुःख हलकं करायला आधी त्याच्यापाशी नुसतं बसावं लागतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. माझ्या वर्गात एखादी मुलगी रडत आली तर मी आता तिला लगेच उपाय सांगत नाही. हे ऋण फिटणारं नाही आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

गेल्या वर्षी मास्तरांना छातीत दुखू लागलं आणि त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. मी रोज डबा घेऊन जायचे. तिथेही त्यांचं चालूच. कोणत्या खाटेवरचा पेशंट कोणत्या गावचा, त्याच्या घरी कोण असतं, हे सगळं त्यांनी काढलं होतं आणि नर्सला ते औषधांच्या वेळा बजावायचे. पण चेहरा उतरला होता, आणि डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं.

एका दुपारी मी गेले तर खाटेपाशी सुमित्राबाई उभ्या. बदलत बदलत दोन गाड्या करून आल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. काळी गाय व्याली होती आणि त्यांनी चिकाचा खरवस करून आणला होता.

"गोऱ्हा का कालवड?" मास्तरांनी विचारलं.

"कालवड."

"मंग तं भाग्य हाये तुहं."

सुमित्राबाईंनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "कालवडीचं दूध तुटलं का तिले तुमच्या गोठ्यात आनून बांधीन," त्या म्हणाल्या. "मले एक पुरे. हे कोनाच्या तरी खुंट्याले लागनच. पन मास्तर, मालताबाईले सांगून ठेवा, पहिल्याच दिवशी नेऊन देऊ नोका. जिची असन तिले थोडं रडू द्या."

मास्तरांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाले, "मॅडम, हिची गाडी सुटन. खिडकीजवळ बसवून द्या हिले, हिले गाडी लागते."

गोड खाऊ नका, असं नर्सने बजावलं होतं, त्याची मी त्यांना आठवण करून दिली आणि सुमित्राबाईंना घेऊन निघाले. वॉर्डच्या दारातून मागे वळून पाहिलं. मास्तर खाटेवर उठून बसले होते. एका हाताने डबा छातीशी धरला होता, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते खरवस खात होते. डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं, आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.